मिरची आणि तिखटपणा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळी मसाल्याचे दिवस आले की मिरचीबद्दल ठरलेले प्रश्न सुरू होतात: कोणती घेऊ, बिया काढू का, रस्सा जहाल झाला आता काय करू? त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. शास्त्र आहे, पण गॅसपाशी उभं असताना उपयोगी पडेल तेवढंच.

मिरची तिखट लागते म्हणजे नेमकं काय होतं?

आपल्या षड्रसांत तिखटाला मानाची जागा असली तरी शरीरशास्त्राच्या हिशेबात ती चव नाही, वेदना आहे. मिरचीत कॅप्सेसिन नावाचं द्रव्य असतं. तोंडातल्या मज्जातंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही-१ नावाचा एक ग्राही असतो, त्याला ते जाऊन चिकटतं. या ग्राहीचं खरं काम उष्णता ओळखण्याचं. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वरचं काही लागलं की तो मेंदूला 'भाजतंय' म्हणून कळवतो. कॅप्सेसिन चिकटलं की निवलेल्या घासालाही तो तेच कळवतो. मेंदू बिचारा विश्वास ठेवतो आणि अंग थंड करायच्या मागे लागतो. कपाळावर घाम येतो, नाक वाहू लागतं, डोळ्यांतून पाणी येतं. जीभ मात्र भाजलेली नसते.

हा ग्राही अमेरिकेत डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली शोधून काढला, आणि तोही मिरचीतल्या कॅप्सेसिनचाच माग काढत. २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना आर्डेम पॅटापुटियन यांच्यासोबत मिळालं.

स्वयंपाकघरात याचा थेट उपयोग होतो. उष्णता आणि कॅप्सेसिन दोन्ही एकाच दारावर थाप मारतात, त्यामुळे तोच रस्सा वाफाळता असताना जास्त तिखट लागतो आणि निवल्यावर सौम्य. म्हणून तिखटाचा अंदाज घेताना पळीतला रस्सा फुंकून फुंकून गार करून चाखू नका. पाहुण्यांच्या वाटीत तो गरमच जाणार आहे.

सगळा तिखटपणा बियांत असतो ना?

नाही, पण हा समज काही केल्या जात नाही.

एक जाडसर तिखट मिरची घेऊन उभी चिरा. देठाकडून खाली उतरत गेलेली पांढरट शीर दिसेल, तिलाच बिया लगडलेल्या असतात. कॅप्सेसिन तयार होतं ते या शिरेत. मिरची खरोखर जहाल असेल तर उजेडात धरल्यावर शिरेवर पिवळसर, तेलकट चमक दिसते. बिया शिरेला चिकटून वाढतात म्हणून त्यांना ते लागतं, एवढंच.

टोकाकडे ही शीर विरत जाते, त्यामुळे मिरचीचं टोक सगळ्यांत कमी तिखट आणि देठाकडचा भाग सगळ्यांत जास्त. भाजीवाल्याकडे टोक चावून 'हां, बेताची आहे' म्हणत पाव किलो घेणाऱ्यांची फसगत होते ती इथेच.

भरल्या मिरच्या करायच्या असतील तर चमच्याच्या दांड्याने शीर खरवडून काढा. नुसत्या बिया झटकून शीर आत ठेवलीत तर कष्ट वाया गेले म्हणून समजा.

पाणी प्यायलं तरी आग का थांबत नाही? मग काय घ्यावं?

कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते विरघळतं स्निग्ध पदार्थात. पाण्याचा घोट तोंडात असेपर्यंत गार वाटतं, गिळला की आग परत हजर.

सगळ्यांत चांगलं दूध किंवा दही. यात फक्त सायीचं श्रेय नाही. दुधातलं केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून नेतं, त्यामुळे साय काढलेलं दूधसुद्धा छान काम करतं. साखरेचा किंवा गुळाचा खडा जिभेवर घोळवला तरी फरक पडतो. भाताचा किंवा भाकरीचा कोरडा घास जीभ पुसून काढतो. ताक चालतं, पण आपल्याकडचं पाणीदार, वर मिरचीचा ठेचा लावलेलं मठ्ठ्याचं ताक या कामाचं नाही.

मालवणी जेवणाबरोबर सोलकढी देतात ती या दृष्टीनेही बरोबर जागी आहे. नारळाच्या दुधात केसीन नसलं तरी स्निग्धांश भरपूर असतो. फक्त ती शेवटी एका दमात संपवण्यापेक्षा मधूनमधून घ्यावी.

भाजी किंवा रस्सा फार तिखट झाला. आता काय?

आधी एक गोष्ट मान्य करा: पडलेलं तिखट बाहेर काढता येत नाही. उकळून ते उडत नाही. उलट रस्सा आटला की प्रमाण वाढतं. हातात दोनच उपाय उरतात. पदार्थ वाढवायचा, नाहीतर तिखटाला स्निग्ध, गोड किंवा दाट काहीतरी सोबत द्यायचं.

बटाटा टाकला की तो तिखट शोषून घेतो असं सांगतात. बटाटा रस्सा शोषतो, त्यातलं तिखट वेगळं काढत नाही. बटाट्याचा उपयोग होतो तो पदार्थ वाढतो म्हणून. तेवढ्यासाठी टाकायला हरकत नाही.

तर्री वर तरंगत असेल तर पळीने ती काढून वेगळ्या वाटीत ठेवा. तिखटाचा मोठा हिस्सा तेलात असतो, त्यामुळे हा सगळ्यांत झटपट उतारा. ती तर्री फेकू नका, दुसऱ्या दिवशी उसळीत घाला.

मग पदार्थ बघून ठरवा. वांग्याच्या किंवा डाळीच्या रश्श्यात दाण्याचं कूट, चिकन-मटणात नारळाचं दूध किंवा काजूची पेस्ट, कोरड्या भाजीत ओलं खोबरं. दही घालायचं तर गॅस मंद करा, दह्यात चमचाभर बेसन फेटून घ्या, आणि मगच ओता, नाहीतर फाटेल. गुळाचा लहानसा खडा बहुतेक ठिकाणी खपून जातो. चिंच किंवा लिंबू तिखट मारत नाही, पण आंबटपणाने लक्ष दुसरीकडे जातं. यातलं काहीही घातलं तरी मीठ पुन्हा चाखा.

आणि वरण-भातावर तूप वाढून तीच भाजी ताटाच्या कडेला थोडीशी ठेवली तर तिला 'तोंडी लावणं' म्हणता येतं. हाही उपायच आहे.

मसाल्यासाठी कोणती मिरची घ्यावी?

दुकानात उभं राहून 'चांगली लाल द्या' म्हणणं सोडा. रंग आणि तिखटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, वेगवेगळ्या द्रव्यांमुळे येतात, आणि एकाच मिरचीत दोन्ही भरपूर मिळणं अवघड. रंग कॅरोटिनॉइड गटातल्या रंगद्रव्यांचा, तिखटपणा कॅप्सेसिनचा. आपल्याकडच्या मसाल्यात दोन-तीन मिरच्या मिसळतात त्याचं कारण हेच. सरसकट एकच मिरची घेऊन मसाला करणं मला तरी आळसाचं लक्षण वाटतं.

ब्याडगी ही कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावच्या नावाने ओळखली जाणारी मिरची. लांब, सुरकुतलेली, गडद लाल. रंग देते, सुगंध देते, तिखट बेताचंच. काश्मिरी मिरची त्याच कामाची. संकेश्वरी कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यातली, तिला रंगही आहे आणि तिखटही. लवंगी लहानखुरी, पण जाळ तिचाच. आंध्रातली गुंटूर मिरची तिखटासाठी घेतात. नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. गोव्यात काणकोणजवळच्या खोल्याची मिरचीही मानांकन मिळालेली, आणि गोव्याच्या रेशाद मसाल्यात व्हिनेगरबरोबर वाटलेली तिथली मिरची ज्याने खाल्ली आहे त्याला दुसरी चालत नाही.

कांदा-लसूण मसाल्याला पहिल्यांदा हात घालत असाल तर निम्मी ब्याडगी, पाव हिस्सा संकेश्वरी आणि पाव हिस्सा लवंगी अशी सुरुवात करा. पुढच्या वर्षी घरातल्यांच्या तक्रारींनुसार काटा इकडे-तिकडे सरकवा. गोड्या मसाल्याला हा हिशेब लागू नाही, तिथे मिरची नावापुरती असते.

निवडताना मिरची हातात घेऊन हलवा. बिया खुळखुळल्या पाहिजेत. देठ घट्ट आणि साल चमकदार हवी. पांढरट पडलेल्या, काळे डाग असलेल्या मिरच्या बाजूला काढा. ओलसर राहिलेल्या मिरचीवर बुरशी धरते आणि त्यातून अफ्लाटॉक्सिनसारखं विष तयार होऊ शकतं. नंदुरबारला मिरच्यांच्या पथाऱ्या मैलोगणती लाल दिसतात त्या शोभेसाठी नव्हेत. वाळवण्यावरच मिरचीची पुढची सगळी मदार असते. घरी आणल्यावरही दोन-तीन कडक उन्हं द्या, मगच डंकावर न्या.

मिरच्या भाजताना सगळं घर खोकतं. का?

कारण तोच ग्राही नाकात, घशात आणि श्वसनमार्गातही आहे. तापलेल्या कढईतून कॅप्सेसिनचे सूक्ष्म कण धुरासोबत उडतात आणि ठसका लागतो. मिरच्या थोड्या तेलावर, मंद आचेवर भाजा. कुरकुरीत झाल्या की उतरवा, काळ्या पडेपर्यंत थांबू नका. खिडकी उघडा, पंखा बाहेरच्या दिशेने लावा, घरात दम्याचं कुणी असेल तर त्यांना आधी शेजारी पाठवा.

मिसळीच्या कटावर येते तशी लालभडक तर्री घरी का येत नाही?

तीनपैकी एक चूक असते: तेल कमी, तिखट जळलेलं, किंवा ढवळण्याची घाई.

मिरचीचा लाल रंगही तेलातच उतरतो, पाण्यात नाही. तेव्हा तिखट तेलात पडायला हवं, पण जळता कामा नये. लाल तिखटात साखर असते आणि भुकटी बारीक असते, त्यामुळे कडकडीत तेलात ते क्षणात तपकिरी होऊन कडू पडतं. असं करा. कांदा-खोबऱ्याचं वाटण तेलात परतत राहा. कडेने तेल सुटून वाटण गोळा होऊन फिरायला लागलं की गॅस अगदी मंद करा किंवा बंदच करा. कढई जरा कलती करून एका बाजूला जमलेल्या तेलात तिखट घाला. पळीने दोन-तीनदा फिरवा. तेल डोळ्यांदेखत लाल होईल, तिखटाचा कच्चा वास जाऊन खमंग वास येईल. लगेच अर्धी वाटी गरम पाणी ओता म्हणजे पुढे जळणं थांबेल. मग उरलेलं गरम पाणी घालून मंद आचेवर उकळू द्या. आता ढवळू नका. तेल आपोआप वर येतं.

गार पाणी ओतलंत तर तर्री पुन्हा वर यायला वेळ लागतो. आणि रंगासाठी ब्याडगी, झणक्यासाठी लवंगी, हे इथेही लागू.

मिरचीचा ठेचा सगळ्यांकडे वेगळा लागतो. बरोबर कोणता?

ज्याच्या त्याच्या गावचा. कोल्हापूरकडे खर्डा म्हणतात, वऱ्हाडात आणि मराठवाड्यात ठेचा. वाद घालण्यात अर्थ नाही, पण मिक्सरमध्ये फिरवलेल्या हिरव्या चटणीला ठेचा म्हणू नये, एवढं माझं मत आहे. मिक्सरचं पातं मिरची कापतं आणि लगदा करतं. ठेचताना ती चिरडली जाते, साल दाताखाली लागते, लसणाचा आणि मिरचीचा रस तेलात मिसळतो.

मिरच्यांना आधी सुरीने टोच मारा, नाहीतर तव्यावर फटाफट फुटून तेल अंगावर येतं. तेलावर पांढरे-काळे डाग पडेपर्यंत परता, लसूण आणि दाणे घाला, जाडं मीठ टाका आणि तव्यावरच तांब्याच्या बुडाने रगडा. मिठाचे खडे वाटायला मदत करतात, म्हणून ते आधीच घालायचं.

हिरवी जास्त तिखट की लाल?

ते जातीवर ठरतं, रंगावर नाही. एकाच झाडावरची मिरची पिकून लाल होते तेव्हा तिच्यात गोडवा वाढतो, त्यामुळे तिखटपणा थोडा गोल वाटतो. वाळल्यावर पाणी निघून जातं, म्हणून वजनाला वजन धरलं तर वाळकी मिरची ओलीपेक्षा कितीतरी जहाल.

ढोबळी मिरची तिखट का नसते?

तिच्या जनुकातच कॅप्सेसिन बनवण्याची सोय बिघडलेली आहे. जात मात्र तीच, कॅप्सिकम ॲन्युअम.

तिखटपणा मोजतात तो कसा?

विल्बर स्कोव्हिल या अमेरिकी औषधशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये पद्धत काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचा, चाखणाऱ्यांना तिखट लागेनासा होईपर्यंत. जितक्या पट पातळ करावा लागला तो आकडा. माणसाच्या जिभेवरच सगळी भिस्त असल्याने ही पद्धत डळमळीत होती. आता यंत्राने कॅप्सेसिन मोजतात आणि आकडा स्कोव्हिलमध्येच सांगतात.

ढोबळी शून्य. पिझ्झावरची हालापिन्यो साधारण २,५०० ते ८,०००. ईशान्य भारतातली भूत जोलोकिया १० लाखांच्या पुढे. २००७ साली गिनीज बुकाने तिला जगातली सर्वांत तिखट मिरची ठरवलं होतं. २०२३ पासून तो मान पेपर एक्सकडे आहे, सरासरी २६ लाख ९३ हजार. शुद्ध कॅप्सेसिन १ कोटी ६० लाख. पेपर एक्सचं स्वयंपाकात काय करायचं असं विचाराल, तर काहीही नाही. ती शर्यतीची मिरची आहे.

मिरचीच्या झाडाला तिखट होऊन मिळतं काय?

बिया योग्य पोटात जातात. सस्तन प्राण्यांच्या दाढा बिया चिरडतात, म्हणून त्यांना आग लागलेली बरी. पक्ष्यांच्या ग्राहीवर कॅप्सेसिनचा परिणाम होत नाही. ते मिरची मजेत गिळतात आणि बिया शाबूत दूरवर टाकतात. पिंजऱ्यातला पोपट तिखट मिरची शांतपणे खातो ती बहादुरी नव्हे. बोलिव्हियातल्या रानमिरच्यांच्या अभ्यासात दुसरंही कारण पुढे आलं: कॅप्सेसिनमुळे बियांवरची बुरशी रोखली जाते.

सस्तन प्राण्यांना हाकलायची ही सगळी व्यवस्था, आणि त्यातल्याच एका प्राण्याने मिरची जगभर शेतात लावली.

मिरची येण्याआधी आपल्याकडे काय खायचे?

मिरी, पिंपळी, सुंठ, आलं, मोहरी. आयुर्वेदातलं त्रिकटू म्हणजे सुंठ, मिरी आणि पिंपळी. मिरची मूळची अमेरिका खंडातली, भारतात ती सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या मार्फत आली. म्हणजे झणझणीत रस्सा 'पुरातन' म्हणून सांगणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं. उपासाच्या साबुदाणा खिचडीतला साबुदाणा ज्या कंदापासून बनतो तो, शेंगदाणा, बटाटा आणि हिरवी मिरची, चारही अमेरिकेतून आलेले. तूप तेवढं आपलं.

मिरी, आलं, मोहरी यांचा तिखटपणा वेगळा का वाटतो?

द्रव्यं वेगळी. मिरीतलं पायपरिन आणि आल्यातलं जिंजेरॉल मिरचीच्याच ग्राहीवर काम करतात, पण कमी जोराने. मोहरी फेसल्यावर नाकात जाते ती प्रामुख्याने दुसऱ्याच ग्राहीमुळे, आणि तिचं द्रव्य उडून जाणारं असल्याने झटका येतो नि ओसरतो. कोकणातलं तिरफळ तर अजून निराळं, ते जिभेला झिणझिण्या आणतं. चीनमधली सिचुआन मिरी त्याचीच चुलत भावंडं. बांगड्याच्या तिखल्यात मिरची आणि तिरफळ एकत्र येतात तेव्हा आग आणि झिणझिणी दोन्ही मिळतात.

मिरच्या चिरून हात जळतायत. काय लावू?

आधी गोडेतेल चोळा, मग भांड्याच्या साबणाने धुवा, पुन्हा एकदा हेच करा. गरम पाणी वापरू नका, आग वाढेल. तोपर्यंत डोळ्यांना आणि लहान बाळांना हात लावू नका. पुढच्या वेळी चिरण्याआधीच बोटांना तेल लावा.

तिखट खाण्याची सवय होते का?

होते. ग्राही पुन्हा पुन्हा चाळवला की मंदावतो. म्हणूनच नेहमी तिखट खाणाऱ्याला 'आज जरा फिकंच झालंय' वाटतं आणि पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी असतं. याच गुणाचा वापर वेदनाशामक मलमांत करतात. मुलांच्या बाबतीत घाई नको. त्यांना वरून तिखट घालून घ्यायची सोय ठेवा, आपसूक हात पुढे येतो.

तिखटाने अल्सर होतो का?

पोटातल्या अल्सरची मुख्य कारणं म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जीवाणू आणि काही वेदनाशामक गोळ्या. जीवाणूचा शोध लावल्याबद्दल बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं. पण आधीच अल्सर, ॲसिडिटी, मूळव्याध असेल तर तिखटाने त्रास वाढू शकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी होणारी आग हीसुद्धा त्याच ग्राहीची करामत. आतड्याच्या शेवटच्या टोकालाही तो असतो. त्रास वारंवार होत असेल तर डॉक्टरांना दाखवा, गुलकंदावर भागवू नका.

विकतच्या तिखटातली भेसळ घरी ओळखता येते का?

काही प्रमाणात. पेलाभर पाण्यावर चमचाभर तिखट टाका. विटेची भुकटी किंवा वाळू असेल तर तळाशी बसते, बोटाने चोळल्यावर खरखरते. पाण्यात पटकन रंगाचे ओघळ उतरले तर पाण्यात विरघळणारा कृत्रिम रंग असण्याची शंका घ्या, कारण मिरचीचा स्वतःचा रंग पाण्यात असा उतरत नाही. तेलात विरघळणारे सुदानसारखे रंग मात्र या चाचणीत सापडत नाहीत, त्यासाठी प्रयोगशाळाच लागते. अख्खी मिरची आणून कुटून घेणं हा त्यावरचा सरळ मार्ग. मसाला कोरड्या बरणीत, हिंगाचे खडे घालून, उजेडापासून दूर ठेवा. उजेडाने रंग आधी उडतो.

कुंडीतली मिरची तिखटच होत नाही. शेजारच्या ढोबळीमुळे का?

ढोबळीचा दोष नाही. परागकण ढोबळीचे पडले तरी यंदाच्या फळाची शीर आणि गर आईच्या झाडाचेच असतात. फरक पडलाच तर त्या बिया पेरून आलेल्या पुढच्या झाडांत दिसेल. बहुतेकदा जातच सौम्य असते, किंवा पाणी आणि खत जास्त होतं. ऊन भरपूर द्या, फळ धरल्यावर माती थोडी सुकू देऊन मगच पाणी घाला, आणि पुढच्या वेळी बी लवंगीचं आणा.